जाळी नव्हती तेव्हा

मिशिगनमध्ये वसंत आला की नाही, हे झाडांना विचारण्यात अर्थ नसतो. एप्रिल संपत आला तरी ती काही बोलत नाहीत. मला तो कानांनी कळतो. आमच्या घरामागे शाळेचं मैदान आहे. कुंपणाच्या सावलीत शेवटचा मळका बर्फ विरघळत पडलेला असतो, गवत अजून पिवळंच असतं, आणि एखाद्या रविवारी दुपारी बंद खिडकीतूनही तो आवाज स्वयंपाकघरात येतो. लाकडी बॅटवर बेसबॉल बसल्याचा. क्रिकेटच्या बॅटचा आवाज रुंद असतो, भरीव असतो. हा अरुंद आणि कोरडा, वाळकी फांदी मोडावी तसा. तो आला की हातातलं काम थांबतं आणि माझी मान खांद्यांत जाते. मीनल, माझी बायको, पूर्वी हसायची. आता ती नळ जरा मोठा सोडते.

त्या आवाजापाठोपाठ जुईचा फोन येतो. जुई आमची मुलगी. ॲन आर्बरमध्ये राहते, शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आखायचं काम करते. फोनवर ती एवढंच म्हणते, "बाबा, सीझन सुरू झाला. कधी जायचं?"

आणि मी दरवर्षी जातो. कुणी जबरदस्ती करत नाही.

तासाभराच्या अंतरावर एक छोटं गाव आहे, तिथलं हे बॉलपार्क, म्हणजे बेसबॉलचं मैदान. मोठ्या शहरांतली स्टेडियमं मी पाहिली आहेत. तिथले पडदे एवढे प्रचंड, की माणसं समोरचा खेळ सोडून पडद्यावरचा खेळ पाहतात. इथे हिरवे लाकडी बाक आहेत. दरवर्षी जुन्या रंगावर नवा थर चढतो, त्यामुळे त्यांच्या कडा गोल झाल्यात. छपराला लोखंडी खांबांचा आधार आहे आणि खांबामागची जागा मिळाली तर अर्धं मैदान गेलंच म्हणून समजा. पायाखाली भुईमुगाच्या टरफलांचा चुरा. कॉलेजची मुलं उन्हाळ्यापुरती या गावच्या संघातून खेळतात, गावातल्याच कुणाकुणाच्या घरी राहतात, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बायका पहिल्या रांगेत बसून हक्काने त्यांच्यावर ओरडतात. कुणीतरी ऑर्गन वाजवतं, किंचित बेसूर. खेळ उत्तरार्धात आला की सगळं गाव एकदम उभं राहतं, आळोखेपिळोखे देतं, गातं आणि पुन्हा बसतं. ऊन कलतं, ओल्या मातीचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास येतो. वाटतं, हे असंच चालू राहील, कुणाचं काही बिघडणार नाही.

स्कोअरबोर्ड अजून हाताने चालतो. मैदानाच्या पार टोकाला लाकडी भिंतीत चौकोनी भोकं आहेत. धाव निघाली की एका भोकातून हात बाहेर येतो, पत्र्याचा जुना आकडा काढतो, नवा टांगतो, आत जातो. हात दिसतो, माणूस दिसत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. आता मी त्या हाताकडे पाहायचं टाळतो.

जुई तिथे बसते ती डाव्या हातात चामड्याचा मोठा हातमोजा चढवून. तसा मोजा आणणारी बरीच पोरं असतात. पंचविशीतली मुलगी सहसा नसते. ती काही खात नाही. फोन काढत नाही. माझ्याशी बोलते ती मैदानावरची नजर न हलवता. तिच्या शेजारी बसलो की मला कळतं, ही खेळ पाहायला आलेली नाही, ही पहारा द्यायला आली आहे. का, ते मला माहीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

अण्णा, माझे वडील, नागपूरहून आमच्याकडे आले त्या उन्हाळ्यात जुई तिसरीत होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, बोलका, सकाळी दूध आणायला गेला तरी दोन नव्या ओळखी करून येणारा. आमच्या वसाहतीत त्यांना फक्त खारी भेटायच्या. "काय बाप्पा तुमचं गाव," ते म्हणाले, "रस्ते धुतल्यासारखे आन् माणूस एक नाही. कर्फ्यू लागला का?" मी ऑफिसात, मीनल ऑफिसात. ते दुपारभर खिडकीशी बसून टपालाच्या गाडीची वाट बघत, आणि गाडीतला माणूस खाली न उतरता पेटीत पत्रं कोंबतो, याचा त्यांना मनापासून राग यायचा.

बॉलपार्कने त्यांना वाचवलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. तो शब्द आता लिहिताना हात अडतो.

पहिल्याच शनिवारी ते फाटकाशी उभे राहून तिथली पाटी मोठ्याने वाचू लागले. मैदानातून येणाऱ्या बॉल आणि बॅटपासून सावध राहा, अशा अर्थाची. मागे रांग खोळंबली होती.

"अण्णा, चला ना."

"थांब रे. पाटी लावली म्हणजे कोणाले तरी लागलंच असेल. उगाच कोणी पाटी रंगवत नाही."

त्या काळी जाळी होती ती फक्त बॅट मारणाऱ्याच्या पाठीमागे, मधल्या थोड्या बाकांपुरती. दोन्ही बाजू उघड्या. तिथून खेळ स्वच्छ दिसतो म्हणून मला तीच जागा आवडायची. जाळीमागून पाहिलं की सगळं चौकोनाचौकोनांत तुटल्यासारखं वाटतं, असं मी म्हणालो होतो. माझंच वाक्य आहे ते.

अण्णा तरुणपणी पोस्टाच्या संघातून क्रिकेट खेळत. स्लिपमध्ये उभे राहत. दोन्ही हातांच्या करंगळ्या वाकड्या होत्या आणि त्या वाकड्या करंगळ्यांचा त्यांना पदकांसारखा अभिमान होता. इथला खेळ त्यांना दुसऱ्याच दिवशी कळला, पण एक गोष्ट पटेना. बॅटची कड घेऊन बाजूला किंवा मागे गेलेला बॉल इथे फुकट जातो.

"फुकट? स्लिपमधून चार गेले असते राजा!"

"आजोबा, दॅट्स अ फाउल," जुई म्हणायची. "पण तो आपल्याकडे आला ना, तर आपला. घरी न्यायचा."

"खेळाचा बॉल घरी? मग ते पोट्टे खेळतील काहाने?"

"दे हॅव लॉट्स, आजोबा!"

शेजारच्या बाकावरची पोरं हातमोजे घालून बसलेली पाहून ते म्हणायचे, "मोजे घालून तर माझी आजीबी पकडेल. आमच्या वेळेस हात होते." आणि जुईच्या कानाशी वाकून, "थांब. तुला एक पकडून देतो."

आता एक रीत सांगायला हवी. इथल्या आपल्या लोकांत ती इतकी मुरली आहे की तिला कुणी नावही दिलेलं नाही. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांच्यासाठी विमा काढतो, तो आधीपासूनच्या आजाराला लागू पडत नाही. म्हणून ते यायच्या आधीच त्यांना पढवायचं. बीपी नाही, शुगर नाही, कसली गोळी नाही. जेवणाच्या कार्यक्रमांत बटाटेवड्याच्या ताटावरून हे सल्ले फिरतात. "विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की सगळ्यांचं सगळं नॉर्मल!" एक मित्र म्हणाला होता. "गोळ्या बॅगेत, नाव तोंडात नाही." आम्ही सगळे हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने कदाचित मीच.

अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. रक्तात गाठ होऊ नये म्हणून ते रोज रक्त पातळ करणारी गोळी घेत. घरात तिला 'संध्याकाळची गोळी' म्हणायचो. आणि ती घेऊन झाली की जेवणाच्या टेबलाशी आमची तालीम चाले. जुई खेळण्यातला स्टेथोस्कोप गळ्यात घालून नर्स व्हायची.

"एनी मेडिसिन्स, सर?"

अण्णा खुर्चीतून उठायचे, छाती काढायचे. "नो मॅडम! आय ॲम फिट लाइक अ बुल!"

जुई खुर्चीवरून पडेस्तोवर हसायची. "अगेन, आजोबा, अगेन!"

"पुरे आता," मीनल म्हणायची. "बैल दमला असेल."

इतक्या हसण्यात आपण काय शिकवतोय, हे कुणाच्या लक्षात येतं?

यंदाच्या एप्रिलमध्ये जुई घरी जेवायला आली होती. मीनलची आई जूनमध्ये पुण्याहून येणार, त्याची बोलणी चालली होती. आमटी वाढता वाढता मीनल सहज म्हणाली, "आईला आत्तापासूनच सांगून ठेवायला हवं. गोळ्यांचं नाव काढायचं नाही म्हणून." पळी पुन्हा पातेल्यात बुडाली. "आणि तिला बॉलपार्कला नेऊ या. तुझे आजोबा किती रमले होते गं तिथे."

जुईने माझ्याकडे पाहिलं. मग वाटी उचलून ती सिंकपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. वाटी स्वच्छ झाल्यावरही पाणी वाहत होतं. मी मान खाली घालून जेवत होतो. बाहेर मैदान रिकामं होतं, आणि तरीही मी आवाजाची वाट पाहत होतो.

त्या जुलैतली ती दुपार. मीनल कामावर होती, आम्ही तिघंच गेलो होतो. आकाश पत्र्याच्या रंगाचं, पाऊस नाही, वारा नाही. बॉलपार्कचे झेंडे काठीला चिकटलेले. "हवा कोणी धरून ठेवल्यासारखी झाली आज," अण्णा म्हणाले. लोक उभं राहून, गाऊन, पुन्हा बसले होते. तेवढ्यात पश्चिमेकडे ढग फाटले आणि तिरपं ऊन सरळ आमच्या डोळ्यांवर आलं. तेव्हाच तो आवाज झाला. आजूबाजूचे सगळे खाली वाकले. इथे ते लहानपणापासून शिकवतात. आमच्यातला जो माणूस चेंडू येताना पाहून वाकायला कधी शिकलाच नव्हता, तो उभा राहिला. गुडघे जरा मुडपलेले, दोन्ही तळवे छातीसमोर, वाकड्या करंगळ्या एकमेकींना लावलेल्या.

"आजोबा, गेट इट!" जुई ओरडली.

दुसऱ्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही. बॉल कानाच्या वर लागला, एवढंच.

ते मटकन बसले. आणि हसले. ओशाळून. "सुटला रे," मला म्हणाले, "सोपा होता. उन्हातून आला." कुणीतरी बॉल उचलून जुईच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजासारखा हात वर केला.

प्रथमोपचाराची पेटी घेऊन एक बाई आल्या. बर्फाची पिशवी दिली. आजचा वार कोणता, तुमचं नाव काय, मळमळतंय का, असं सगळं विचारलं. अण्णांनी पोस्टातल्या इंग्रजीत खणखणीत उत्तरं दिली. मग त्या माझ्याकडे वळल्या. हे रक्त पातळ करणारं काही औषध घेतात का?

विचार करायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. वेळ होता. त्या बाई थांबल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. त्या वेळात मला रुग्णवाहिका दिसली, दवाखाना दिसला, विम्याची माणसं विचारतील ते प्रश्न दिसले. अण्णा तर समोर हसत होते.

"नो," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर इंग्रजी पत्ते वाचलेला माणूस, त्यांना प्रश्नही कळला होता आणि उत्तरही. मग त्यांनी बर्फाची पिशवी तशीच धरून छाती पुढे काढली. "नो मॅडम. आय ॲम फिट लाइक अ बुल."

आजूबाजूचे हसले. त्या बाईसुद्धा हसल्या. जुई हसली नाही. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. तिचा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला. तिने तोंड मिटलं.

डोकं दुखलं, झोप जास्त येऊ लागली, तर लगेच दवाखान्यात न्या, असं सांगून त्या गेल्या. आम्ही शेवटपर्यंत बसलो. आमचा संघ जिंकला.

त्या संध्याकाळीही गोळी मीच काढून दिली. पेलाही मीच भरला. दुसऱ्या दिवशीही. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं, म्हणून ते इथे एकटंच ठेवतो.

पुढचे दोन-तीन दिवस डोकं जरा जड आहे म्हणत होते. झोपून राहायचे. मी म्हटलं, उकाड्याने असेल. एका दुपारी ऑफिसातून लवकर आलो तर ते टेबलाशी बसले होते. दुकानांच्या जाहिरातींचे घरात साठलेले कागद त्यांनी समोर घेतले होते आणि त्यांच्या नेटक्या चळती लावत होते. "ही वर्ध्याची," स्वतःशीच म्हणत होते, "ही काटोलची. ही कोण्या गावची आहे बरं? पत्ता अर्धा आहे." चपला उलट्या पायांत होत्या. मी दारातच उभा राहिलो. घर इतकं शांत होतं की कागदावर कागद ठेवल्याचं ऐकू येत होतं.

दवाखान्यात मी सगळं सांगितलं. गोळीचं नाव, किती वर्षं, शेवटची कधी घेतली. न अडखळता. डॉक्टर वळून भराभर चालू लागले. त्यांच्या बुटांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

डोक्यात आतल्या आत रक्त साचत गेलं होतं. त्याच आठवड्यात अण्णा गेले. तो विमा कामी आला की नाही, हे विचारू नये.

सगळ्यांना मी दोनच शब्द सांगितले. बॉल लागला. नागपूरला ताईला, मीनलला, ऑफिसात. ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं टिकलं. "खेळ बघता बघता गेले, सुखाचं मरण," ताई रडत म्हणाली, आणि मी फोनवर "हो" म्हणालो. त्याच वर्षी पानं गळायला लागली तेव्हा जुईने गाडीत मागच्या सीटवरून विचारलं होतं, "बाबा, मला बॉल हवा होता म्हणून झालं का?" मी म्हणालो, "नाही गं." पुढे काही बोललो नाही. मग कशामुळे, ते सांगितलं असतं तर त्या 'नाही'ला वजन आलं असतं. नुसतं 'नाही' म्हणजे काय, कुणीही कुणालाही म्हणतं. पुढच्या उन्हाळ्यात तिने वाढदिवसाला हातमोजा मागितला. मी तो आणून दिला. आणि ती त्या बॉलचं ओझं वाहते आहे, असं समजून मी दरवर्षी तिच्या शेजारी गप्प बसत आलो. कारण ते ओझं तिच्याकडे होतं तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

या मे महिन्यात आम्ही गेलो. बॉलपार्क तेच आहे, पण आता बॉल टाकणाऱ्याने वेळ काढू नये म्हणून घड्याळ आलंय, आणि जाळी दोन्ही बाजूंच्या शेवटच्या बाकापर्यंत गेली आहे. पाटीही नवी रंगवली आहे. बारीक काळी जाळी. थोड्या वेळाने ती दिसेनाशी होते. चौकोन वगैरे काही जाणवत नाहीत. माझं ते म्हणणंही खोटंच होतं.

"जुई," मी म्हणालो, "त्या दिवशी त्या बाईंनी मला विचारलं होतं. अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात का म्हणून."

ती मैदानाकडेच बघत होती. "आय नो."

"मी नाही म्हणालो."

"बाबा, मी तिथेच होते. तू माझा हात दाबलास. तुझी अंगठी लागली मला."

ऑर्गन वाजत होता. मला वाटलं, तो थांबेपर्यंत काही बोलू नये. पण तो थांबेना.

"मला वाटायचं, तू त्या बॉलमुळे..."

"बॉलमुळे?" आणि पहिल्यांदाच तिने मैदानावरची नजर काढली. अण्णांनी पाहिलं होतं तसंच तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मला इंग्लिश येत होतं. तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. आय कुड हॅव सेड इट. ती बाई माझ्यासमोर उभी होती. एक सेंटेन्स होतं. मी का नाही बोलले?"

"कारण मी तुला गप्प केलं. खोटं मी बोललो आणि गप्पही मीच केलं. तू तिसरीत होतीस."

"आजोबांनी पण सांगितलं नाही."

"त्यांनाही मीच शिकवलं होतं."

"मीच विचारायचे त्यांना," ती म्हणाली. "एव्हरी नाइट. एनी मेडिसिन्स, सर."

मी काही म्हणायच्या आत तो आवाज झाला. माझी मान खांद्यांत गेली. बॉल सरळ आमच्या अंगावर आला, जाळी पोटासारखी आमच्याकडे फुगली, हललेला वारा मला गालावर जाणवला, आणि बॉल पलीकडे खाली पडला. क्षणभर मिटलेले डोळे उघडले तेव्हा समोर चामडं होतं. जुईचा हातमोजा. तिने तो स्वतःच्या तोंडासमोर धरला नव्हता, माझ्या धरला होता. इतकी वर्षं ती पहारा कुणाचा देत होती, ते मला तेव्हा दिसलं.

हात खाली घेत ती म्हणाली, "बाबा, आजी जूनमध्ये येतेय. आईला सांग."

घरी गेल्यावर मीनलला सांगितलं. ताईला फोन केला. त्या दोघी काय म्हणाल्या ते त्यांचं आहे. मीनल अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि नळ मोठा सोडत नाही. मला आता सगळं ऐकू येतं.

गेल्या रविवारी जुई घरी आली तेव्हा पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मीनलच्या आई खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या, यायच्या आनंदात. आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "अगं मीनल, काही काळजी करू नकोस. आमच्या शेजारच्या जोशीणबाई दोनदा जाऊन आल्यात तिकडे. सगळं पढवलंय त्यांनी मला. जुई, तू विचार बघू नर्ससारखं. विचार तर!"

जुईने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "एनी मेडिसिन्स, मॅडम?"

"नो नो!" आई ताठ बसल्या. "आय ॲम परफेक्टली फाइन!" आणि आमच्या हसण्याची वाट पाहत त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या.

कुणी हसलं नाही. खिडकीबाहेर मैदानावर फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी मान वर ठेवली.

"चुकलं, आई," मी म्हणालो. "जुई, पुन्हा विचार."